पन्नास पुंगळ्या, चौपन्न भार

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी, ओहायोतील आमच्या गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर, मी स्वतः घरी भरलेल्या काडतुसांपैकी नववे काडतूस उडवले आणि रिव्हॉल्व्हर हातात असे उसळले की मनगटात कळ आली. आवाजही वेगळा होता. आधीच्या आठांचा आवाज बोथट, दार लोटल्यासारखा होता. हा कानांवरच्या जाड झाकणांमधूनही छातीत जाणवला. शेजारच्या ओट्यावर एक निवृत्त टूलमेकर बसतात, ज्यांना मी मनातल्या मनात मिस्त्रीकाका म्हणतो. त्यांनी मान न वळवता "खाली ठेव" एवढेच म्हटले. कोणालाही इजा झाली नाही आणि हत्यारही फुटले नाही. त्यामुळेच हे प्रकरण मांडण्याजोगे आहे, कारण पुरावा जवळजवळ सगळा शाबूत राहिला आणि चूक कुठे झाली ते मोजून काढता आले.

मी शिक्षणाने उत्पादन अभियंता आहे. चिंचवडच्या एका कारखान्यात सहा वर्षे गुणवत्ता विभागात काढली आणि नंतर इकडे आलो. काडतुसे घरी भरण्याचा छंद मला इथेच लागला, पण हौस पुष्कळ असूनही ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मी त्याच्या वाटेला गेलो नाही. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी माणसाने बंदूकच नव्हे तर काडतूसही बाळगणे अमेरिकेच्या संघीय कायद्याने निषिद्ध आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद त्यात आहेत, पण मित्राच्या आग्रहाने मैदानावर गेलेल्या आपल्याकडच्या पोरांना ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. कायम रहिवाशाने वा नागरिकाने स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरली तर संघीय परवाना लागत नाही. विकायची म्हटली की लागतो.

छंदाची मूळ कल्पना साधी आहे. काडतुसाचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसणारा प्रायमर म्हणजे जुन्या बोलीत टोपी, आतली पावडर आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाल्यावर गोळी जाते, पावडर जळते, टोपी निकामी होते आणि सगळ्यांत महाग भाग, म्हणजे पुंगळी, हातात उरते. तिला साच्यातून काढून मूळ मापावर आणायचे, नवी टोपी बसवायची, पावडर मोजून घालायची, गोळी दाबून बसवायची. हलक्या भाराची, म्हणजे कमी पावडर घातलेली, पितळी पुंगळी अशी दहा-पंधरा वेळा सहज वापरता येते. अमेरिकेत हे सोपे जाते ते एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याच्या रचनेमुळे. तिच्यात बुडाला मधोमध एकच भोक असते, त्यामुळे एका सुईने जुनी टोपी खाली ढकलून काढता येते. हायरम बर्डन या अमेरिकी माणसाच्या रचनेत भोके दोन आणि ज्यावर टोपीचा मसाला चेपला जातो ती ऐरण पुंगळीतच घडवलेली असते. ती टोपी काढणे जिकिरीचे होते. गंमत अशी की अमेरिकी माणसाची रचना युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे ज्या .२२ रायफलीने जगभर पदके मिळवत आले, तिच्या काडतुसात टोपीच नसते. स्फोटक मसाला पुंगळीच्या काठाच्या घडीत भरलेला असतो आणि घोड्याच्या आघाताने ती घडी चेपली जाते, त्यामुळे ते काडतूस घरी पुन्हा भरण्याची सोय नाही.

पैसे वाचतात म्हणून लोक हे करतात, असे सांगितले जाते. माझा अनुभव असा की खर्च तेवढाच राहतो आणि बार दुप्पट होतात. २०२० नंतरच्या टंचाईत टोप्यांचे भाव दुप्पट-तिपटीवर गेले, तेव्हा तर हा हिशेब घरात काढायचीही सोय उरली नव्हती. खरे आकर्षण आहे ते तळघरातल्या त्या दोन तासांच्या निवांत, मोजूनमापून केलेल्या कामाचे. हे आवर्जून सांगतो, कारण या प्रकरणात चूक शिरली ती त्याच निवांतपणातून.

मी भरत होतो ते काडतूस .३८ स्पेशल. ते १८९८ च्या सुमाराचे, म्हणजे धूरविरहित पावडर निघून चौदा-पंधरा वर्षे झाली असली तरी काळ्या दारूचा जमाना पुरता सरलेला नव्हता अशा वेळचे आहे. पुंगळीची लांबी काळ्या दारूच्या हिशेबाने ठेवलेली आहे, आणि काळी दारू पुंगळी जवळजवळ भरूनच घालावी लागते. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजची पावडर सिद्ध केल्यावर तेवढ्याच कामाला कितीतरी कमी पावडर पुरू लागली, पण पुंगळी मात्र लांबच राहिली. सव्वाएकोणतीस मिलिमीटरच्या त्या विहिरीत जलद जळणाऱ्या पावडरीचा कागदी लक्ष्यासाठीचा हलका भार बुडाशी कुठेतरी पडून असतो. चुकून दुसऱ्यांदा घातला तरी तो बाहेर सांडत नाही आणि गोळी बसवताना आडही येत नाही. हे या काडतुसाचे जुने आणि सर्वांना माहीत असलेले दुखणे आहे. मलाही ते माहीत होते.

इथे वजनांचा अंदाज यावा म्हणून एक तुलना देतो. पावडर ग्रेनमध्ये मोजतात. ७,००० ग्रेनचा एक पौंड. आपला इंग्रजी अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवलेला होता आणि तोळ्याच्या गुंजा ९६, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त भरते. माझा भार दीड गुंजेच्या आसपास होता. सोनाराच्या काट्यावर सहज दिसेल असे हे वजन आहे, पण ते काट्यावर ठेवले तर.

आता त्या रात्रीकडे येतो. गुरुवार होता. जेवण उरकून मी साडेआठला तळघरात उतरलो. ओट्यावर एकपदरी प्रेस, म्हणजे एका खटक्याला एकच क्रिया करणारे हातदाबयंत्र, आणि त्याच्या डावीकडे पावडरीचे माप पक्के बसवलेले आहे. त्या मापाची मूठ वर नेली की वरच्या नळकांड्यातली पावडर एका खाचेत भरते, खाली आणली की ती खाच पुंगळीत रिकामी होते. समोर लाकडी ठोकळा असतो. त्यात दहा-दहाच्या पाच ओळींत पन्नास भोके आहेत आणि प्रत्येक भोकात एक पुंगळी उभी राहते. माझी नेहमीची रीत अशी होती की टोपी बसवलेल्या पुंगळ्या ठोकळ्यात उलट्या, तोंड खाली करून ठेवायच्या. एक उचलायची, सुलटी करायची, मापाखाली धरायची, भार घ्यायचा आणि सुलटीच परत ठेवायची. म्हणजे उलटी दिसली ती रिकामी, सुलटी दिसली ती भरलेली. या रीतीत माणसाला काही लक्षात ठेवावे लागत नाही, तिचा सगळा गुण एवढाच.

त्या रात्री मी ती मोडली. त्या आठवड्यात टोप्या बसवण्याचे नवे हातयंत्र आणले होते आणि टोपी पुरती आत बसली की नाही हे बोटाने चाचपत प्रत्येक पुंगळी सुलटीच ठोकळ्यात ठेवत गेलो. पन्नास झाल्या तेव्हा सगळ्या तोंड वर करून उभ्या होत्या. पुन्हा उलट्या करायला दोन मिनिटेही लागली नसती. ते राहू देऊन मी थेट पावडर घालायला घेतली. दर दहाव्या भाराला काट्यावर वजन करत होतो आणि प्रत्येक वेळी काटा ग्रेनच्या एक-दशांशापर्यंत बरोबर येत होता.

नऊ वाजून चौतीस मिनिटांनी आईचा फोन आला. पुण्यात शुक्रवारची सकाळ उजाडून आठ वाजले होते. "जेवलास का?" पासून सुरू झालेले बोलणे सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन बावीस मिनिटांनी संपले. फोनमधल्या नोंदीवरून ही वेळ मी नंतर काढली. त्या रात्री मला ते पाचेक मिनिटांचे वाटले होते. परत ओट्याशी आलो तेव्हा डोक्यात एकच वाक्य होते : दोन ओळी झाल्या आहेत. ते खोटे नव्हते. दोन ओळी झाल्याच होत्या, पण तिसऱ्या ओळीतल्या पहिल्या चारही झाल्या होत्या. मी तिसरी ओळ पहिल्यापासून घेतली.

सगळ्या भरून झाल्यावर मी नेमाप्रमाणे विजेरी घेऊन ठोकळ्यावर फिरवली आणि प्रत्येक पुंगळीत डोकावलो. सगळ्यांत पावडर होती. मग गोळ्या बसवल्या. या गोळ्या वॉडकटर जातीच्या, म्हणजे सपाट तोंडाच्या, कागदात पंचने पाडावे तसे स्वच्छ भोक पाडणाऱ्या असतात आणि पुंगळीच्या तोंडाशी सपाट होईपर्यंत आत दाबाव्या लागतात. एकेक काडतूस तयार झाले तसे ते एका तसराळ्यात टाकत गेलो आणि ठोकळ्यातला क्रम तिथेच नाहीसा झाला.

शनिवारी मैदानावर जे झाले ते वर आलेच आहे. सहा बारांचा पहिला फेरा व्यवस्थित झाला. दुसऱ्या फेऱ्यातला तिसरा बार तो होता. रिव्हॉल्व्हर .३५७ मॅग्नम जातीचे, जाड पोलादी होते. .३८ स्पेशल त्यात चालते, कारण दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच आहे आणि मॅग्नमची पुंगळी केवळ साडेतीन मिलिमीटरने लांब आहे. अमेरिकेतल्या उत्पादकांची 'सामी' नावाची मानक संस्था १९२६ पासून आहे. तिच्या मानकात .३८ स्पेशलचा कमाल दाब दर चौरस इंचाला १७,००० पौंड आहे, तर .३५७ मॅग्नमचा ३५,०००. माझ्या काडतुसाने किती दाब निर्माण केला हे सांगता येत नाही. भार दुप्पट झाला म्हणून दाब दुप्पट होतो असे मात्र नाही. बंदिस्त जागेतला दाब वाढला की पावडर अधिक वेगाने जळते, त्यामुळे दाब आणखी वाढतो, आणि खोल बसवलेल्या वॉडकटरच्या मागे जागाही कमी असते. फरक पडला तो हत्याराच्या पोलादामुळे. माझ्या कपाटात .३८ चे एक जुने, हलक्या बांध्याचे रिव्हॉल्व्हरही आहे. त्या दिवशी ते न नेण्याचे कारण इतकेच की त्याची पिशवी सापडली नव्हती.

चकरी, म्हणजे काडतुसांची सहा घरे असलेला फिरता भाग, उघडून सगळे बाहेर ढकलताना बाकीची पाच घरे रिकामी झाली आणि नववी पुंगळी अडकली. मिस्त्रीकाकांनी लाकडी दांड्याने हलके ठोकून ती काढली आणि तळहातावर धरली. चांगल्या पुंगळीच्या टोपीची कड गोलसर असते. या टोपीची कड सपाट होऊन भोकाच्या भिंतीशी एकजीव झाली होती आणि घोड्याच्या खुणेभोवती धातूचा बारीक कडा वर आला होता. "दुहेरी," ते म्हणाले, आणि उरलेल्या एकेचाळीस काडतुसांच्या डब्याकडे बोट दाखवून विचारले, "आता यातली किती?"

उत्तर काडतुसे उघडूनच मिळणार होते. पण उघडण्याआधी मी एक गोष्ट केली, आणि या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेली ती सर्वांत उपयोगी गोष्ट असावी. एकेचाळीसच्या एकेचाळीस काडतुसांना क्रमांक दिले, प्रत्येकाचे वजन केले आणि उतरत्या क्रमाने लिहून काढले. तयार काडतूस तोलून दुहेरी भार ओळखता येतो असा एक समज आहे, तो तपासायचा होता.

सपाट बसवलेली गोळी चिमट्याने धरता येत नाही, कारण धरायला बाहेर काही उरलेलेच नसते. त्यासाठी प्लॅस्टिकची पोकळ हातोडी मिळते. काडतूस तिच्यात उलटे अडकवायचे आणि हातोडी लाकडाच्या ओंडक्यावर आपटायची. पुंगळी धरून ठेवलेली असते, गोळी तिच्या जडत्वाने पुढे सुटते आणि पावडरीसकट हातोडीच्या पोटात पडते. दर काडतुसाला तीन-चार ठोके लागले. वरून बायकोने दोनदा विचारले, खाली काय फोडतोयस. प्रत्येक काडतुसाची पावडर वेगळ्या वाटीत काढून तोलली, गोळी वेगळी तोलली, पुंगळी वेगळी. टोप्यांच्या मसाल्यात शिशाचे संयुग असते आणि वापरलेल्या पुंगळ्यांच्या काजळीत ते उतरते, म्हणून हे काम मी हातमोजे घालून, जेवणाच्या भांड्यांपासून दूर आणि मुलगी झोपल्यावर केले. काडतुसे घरी भरणाऱ्यांच्या घरात शिसे येते ते बहुधा बंदुकीतून नव्हे, अशा साफसफाईतून.

अडतीस वाट्यांत भार बरोबर निघाला. तिघींत तो दुप्पट होता. मैदानावरचा एक धरून चार. पन्नास पुंगळ्यांत चौपन्न भार गेले होते, आणि फोन वाजला तेव्हा मी चोविसाव्या पुंगळीवर होतो हे मी या आकड्यावरून काढले आहे, स्मरणाने नव्हे.

वजनाच्या यादीने समज साफ खोडून काढला. सर्वांत हलके आणि सर्वांत जड काडतूस यांत नऊ ग्रेनचा फरक होता, आणि दुहेरी भाराने पडणारी भर तीन ग्रेनहूनही कमी. पुंगळ्या चार-पाच कारखान्यांच्या, मैदानावरून वेचलेल्या. त्यांची वजने आपापसांत पावडरीच्या भाराहून जास्त वेगळी होती. यादीतले सर्वांत जड काडतूस एका जाड पुंगळीचे, भार अगदी बरोबर असलेले निघाले. तीन दोषी काडतुसे दुसऱ्या, अकराव्या आणि एकोणिसाव्या क्रमांकावर होती. वरची पाच "संशयास्पद" म्हणून बाजूला काढली असती तर दोन दोषी काडतुसे निर्दोष ठरून डब्यात राहिली असती, आणि मी अधिक निश्चिंत झालो असतो.

माझ्या तीन तपासण्या होत्या आणि त्यांतल्या दोन मी प्रामाणिकपणे केल्या होत्या, म्हणून त्या का चुकल्या हे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. दर दहावा भार तोलणे ही मापाची तपासणी होती. मापात काही खोट नव्हतीच. चौपन्नच्या चौपन्न वेळा त्याने योग्य भार दिला. नमुना घेऊन केलेली तपासणी सरकत जाणारा दोष पकडते, म्हणजे स्क्रू ढिला होऊन माप हळूहळू बदलत असेल तर. एकदाच घडलेली घटना तिला दिसत नाही. हे मी चिंचवडला नव्या पोरांना कंट्रोल चार्ट, म्हणजे नमुन्यांच्या मापांचा आलेख, समोर ठेवून शिकवत असे, आणि तरी घरच्या ओट्यावर काट्याचा आकडा बरोबर आला की सगळे बरोबर आहे असे मानत होतो.

विजेरीची तपासणी जास्त बोचणारी आहे. चार पुंगळ्यांत पावडरीची पातळी दुप्पट होती, त्यांच्याच ओळीतल्या पुढच्या सहांत नव्हती, आणि मी त्या दहाही पुंगळ्यांत डोकावलो होतो. मग दिसले कसे नाही? माझ्या मते याला दोन कारणे आहेत. पहिले हे की चारही दोषी पुंगळ्या शेजारी-शेजारी होत्या. शेजारणीशी तुलना केली तर एकविसावी बाविसावीसारखीच दिसत होती, तेविसावी चोविसावीसारखी; त्या ओळीत फरक फक्त चोवीस आणि पंचवीस यांच्या सीमेवर होता, आणि विजेरी हातात धरून दोन खोल विहिरींतल्या काही मिलिमीटरच्या फरकाकडे पाहताना सावली कोणत्या बाजूला पडते यावरच बरेच काही ठरते. दुसरे कारण मला अधिक खरे वाटते. महिनाभर आधी मैदानावर एका ओळखीच्या माणसाचे काडतूस पावडरीविना निघाले होते. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरून अडकते आणि त्यामागे दुसरी झाडली तर नळी फुगते. त्याने वेळीच हात आवरला म्हणून बचावला. तेव्हापासून मी विजेरीने एकच शोधत होतो : एखादी रिकामी तर नाही ना? डोळ्याला विचारलेला प्रश्न "आहे का" असा होता, "किती आहे" असा नव्हता, आणि त्याने विचारल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले.

तिसरी तपासणी, म्हणजे उलट्या-सुलट्या पुंगळ्यांची रीत, मी स्वतःच गुंडाळून ठेवली होती.

आईच्या फोनला मी दोष देत नाही, पण फोन वरच ठेवून खाली उतरायचे एवढा नियम आता केला आहे. मिस्त्रीकाकांच्या मते तेवढाच पुरेसा आहे. चाळीस वर्षे ते नुसत्या डोळ्यांवर भरत आले आहेत आणि माझ्या बाकीच्या व्यवस्थेला ते कारखानदारी म्हणून हसतात. त्यांच्याशी माझे इथे पटत नाही. लक्ष ठेवीन म्हणणारा माणूस लक्ष ठेवतोच, फक्त ज्या क्षणी ते सुटते त्या क्षणी ते सुटल्याचे त्याला कळत नाही. टोयोटाच्या कारखान्यांतून निघालेला पोका-योके हा शब्द पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात कामगारांच्याही तोंडी असतो. चूक करता येणार नाही अशी मांडणीच करून ठेवायची, एवढा त्याचा अर्थ. इथे ते दोन प्रकारे साधता आले. पावडर बदलली : जलद आणि दाट पावडर सोडून फुगीर, पापुद्र्यांची पावडर घेतली, जिचा पुस्तकातला भार अर्ध्याहून अधिक पुंगळी व्यापतो. दुसरा घालायला गेले तर ती ओट्यावर सांडते, म्हणजे चूक स्वतःच बोंब मारते. आणि क्रम बदलला : पुंगळी मापाखाली जाते, भार घेते आणि तिथूनच प्रेसमध्ये जाऊन तिच्यावर गोळी बसते. भरलेली उघडी पुंगळी कुठेही उभी राहत नाही, त्यामुळे ठोकळा आता फक्त टोप्या बसवण्यापुरता उरला आहे. काम थोडे सावकाश होते.

कारखान्यातली एक सवयही आणली. भांडारातून किती माल घेतला आणि किती परत केला याचा ताळा जुळल्याशिवाय आमच्याकडे पाळी संपत नसे. आता नळकांड्यात पावडर घालताना तोलतो, शेवटी उरलेली परत तोलतो आणि फरकाला पन्नासाने भागतो. त्या गुरुवारी हे केले असते तर दीडशे ग्रेनच्या आतल्या खपात अकरा-बारा ग्रेन जास्त दिसले असते आणि एकही काडतूस घराबाहेर गेले नसते. दहा सेकंदांचे हे वजन मी त्याआधी कधी केले नव्हते, याचे मला अजून नवल वाटते.

हत्यार गावातल्या एका कारागिराकडून तपासून घेतले. चकरीच्या सहाही घरांची मापे त्याने घेतली, कुठे फुगवटा नव्हता, चकरीची मागेपुढे होणारी ढिलाईही मर्यादेत होती. उत्पादकाच्या हमीचा प्रश्न आला नाही हे बरेच झाले, कारण घरी भरलेली काडतुसे वापरल्यास हमी लागू नाही असे बहुतेक माहितीपत्रकांत स्पष्ट छापलेले असते. उघडलेल्या काडतुसांमधली पावडर मी परत डब्यात टाकली नाही. मागच्या अंगणात गवतावर पातळ पसरून दिली.  इथल्या अग्निसुरक्षा संहितेत घरात २० पौंड पावडर आणि १०,००० टोप्यांपर्यंत मुभा आहे, माझ्याकडे त्याचा दहावा भागही नसतो.

सपाट टोपीची ती नववी पुंगळी मी ठेवली आहे. पुण्याला धाकट्या भावाला दाखवायला न्यावी असे मनात आले होते, पण नेली नाही. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येतच दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रे येतात, आणि परवान्याशिवाय तो बनवणे हा गुन्हा आहे. म्हणजे माझा सगळा ओटाच तिथे बेकायदा ठरला असता. जोडीच्या भागांबरोबर वापरायचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना त्याच कायद्यात सूट आहे खरी, पण ती सूट विमानतळावरच्या सुरक्षा जवानाला रात्री दोन वाजता समजावून सांगण्याची माझी तयारी नव्हती. भावाला फोटो पाठवला आणि सगळी हकीकत लिहिली.

त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले, तेही फोटोच्या रूपात. सावंतवाडीकडच्या आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून पीक राखण्याच्या परवान्यावरची. ते गेल्यावर बंदूक जमा केली, पण नळीत दारू ठासायचा गज माळ्यावर राहिला होता. तो गज भावाने ओट्यावर आडवा ठेवून फोटो काढला होता. त्यावर चाकूने पाडलेल्या दोन खाचा होत्या, एक टोकाशी आणि एक तिच्याखाली चार बोटांवर. मला त्या पाहिल्याचे आठवत होते, त्यांचा अर्थ कधी विचारला नव्हता. वडिलांनी फोनवर सांगितला : गज नळीत सोडला आणि वरची खाच नळीच्या तोंडाशी आली तर बंदूक रिकामी, खालची आली तर एक बार भरलेला, आणि तीही तोंडाच्या वरच राहिली तर कोणीतरी दोनदा भरली आहे, तिला हात लावायचा नाही. ठासताना आजोबा कोणाशी बोलत नसत आणि आम्हां पोरांना पडवीत येऊ देत नसत, हे मला आठवते. पण त्या न बोलण्यावर भिस्त न ठेवता त्यांनी खाचाही पाडल्या होत्या.

पेन्सिलीएवढी जाड एक लाकडी काडी मी तासून घेतली. योग्य भाराच्या पुंगळीत ती उभी केली आणि पुंगळीच्या काठाशी चाकूने एक खाच पाडली. प्रेसमध्ये जाण्याआधी प्रत्येक पुंगळीत ती एकदा उतरते. मिस्त्रीकाकांनी ती हातात घेऊन पाहिली, खाच अंगठ्याच्या नखाने तपासली आणि म्हणाले, खाच थोडी रुंद झाली आहे, पुढच्या वेळी बारीक पात्याने पाड.